ब्राह्मणगावची बातमी आणि पँथरला नसलेले वृत्तपत्र



आजच्या पाठाचा विषय वृत्तपत्र हा आहे. धम्मविषयक पाक्षिकात वृत्तपत्राचा पाठ कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु ज्यांनी आपल्याला धम्म दिला त्या बोधिसत्त्व बाबासाहेबांनी पक्ष काढण्याआधी, शिक्षणसंस्था उभारण्याआधी एक पत्र काढले, ही गोष्ट ध्यानात घ्या. जो समाज आपले दुःख स्वतःच्या शब्दांत मांडू शकत नाही, त्याचे दुःख दुसरे लोक आपल्या सोयीने मांडतात किंवा मुळीच मांडत नाहीत. हा सिद्धांत तपासून पाहण्यासाठी आपण परभणी जिल्ह्यातील एका गावापासून सुरुवात करू.

१. परभणी जिल्ह्यातील घटना

१९७२ साल हे मराठवाड्यात दुष्काळाचे साल होते. पाण्याचा प्रत्येक हंडा मोलाचा झाला होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दोन बौद्ध स्त्रियांची, पाण्याच्या कारणावरून, नग्न करून धिंड काढण्यात आली. त्याच सुमारास पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील बावडा गावी संपूर्ण बौद्ध वस्तीवर सामाजिक बहिष्कार घालण्यात आला होता. अशा घटना त्याआधी घडत नव्हत्या असे नाही. इळया पेरुमल समितीचा अहवाल १९७० साली संसदेपुढे आला होता आणि देशभरातील अत्याचारांची नोंद त्यात होती. पण अहवाल इंग्रजीत होता, आणि वस्तीत तो वाचून दाखविणारे कोणी नव्हते.

त्या वेळचा कायदा कसा होता तेही पाहा. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याखाली जास्तीत जास्त ६ महिने कैद किंवा ५०० रुपये दंड, अथवा दोन्ही, एवढीच शिक्षा होती. स्त्रीला विवस्त्र करून तिची धिंड काढणे हा दलितांवरील अत्याचाराचा एक स्वतंत्र प्रकार आहे, हे त्या कायद्याला ठाऊकच नव्हते. तो गुन्हा स्पष्ट शब्दांत कायद्यात आला १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, म्हणजे ब्राह्मणगावनंतर १७ वर्षांनी.

२. तरुण एकत्र आले

ब्राह्मणगाव आणि बावडा या दोन गावांच्या बातम्या वर्तमानपत्रांतून मुंबईच्या कामगार वस्त्यांत पोहोचल्या. तेथे विशी-तिशीतले शिकलेले बौद्ध तरुण होते. त्यांतले पुष्कळ कवी होते, लेखक होते. त्यांच्या डोळ्यांसमोर रिपब्लिकन पक्षाची शकले होत होती. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अर्जुन डांगळे आदी तरुणांनी १९७२ साली दलित पँथर ही संघटना उभी केली. मे अखेरीस तिची कल्पना निश्चित झाली आणि ९ जुलै १९७२ रोजी कामाठीपुऱ्यातील सिद्धार्थनगरात जाहीर सभा झाली.

येथे थोडे थांबून विचार करा. संघटना मुंबईत जन्मली, पण तिचे बीज परभणी जिल्ह्यात पडले होते. त्या बीजाला मुंबईपर्यंत नेले ते छापील बातमीने. बातमी नसती तर ब्राह्मणगावच्या त्या दोन भगिनींचे दुःख वेशीच्या आतच गाडले गेले असते.

३. उसन्या पानावरचा लेख

पँथरने जाहीर केले की १५ ऑगस्ट १९७२ हा स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सवी दिवस ‘काळा स्वातंत्र्यदिन’ म्हणून पाळायचा. त्याच दिवसाच्या ‘साधना’ साप्ताहिकाच्या विशेषांकात राजा ढाले यांचा त्याच नावाचा लेख आला. साने गुरुजींनी १९४८ साली काढलेल्या या साप्ताहिकाचे संपादक तेव्हा यदुनाथ थत्ते होते, आणि त्या अंकाचे काम अनिल अवचट यांनी पाहिले होते. लेखात ढाले यांनी दोन दंड शेजारी शेजारी ठेवले: बौद्ध स्त्रीची अब्रू घेतली तर ५० रुपये, आणि राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर ३०० रुपये. मग स्त्रीच्या अब्रूपेक्षा कापडाची किंमत मोठी काय, असा त्या लेखाचा रोख होता. भाषा अत्यंत जहाल होती. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषींनी निषेध केला. परंतु त्या एका लेखाने ब्राह्मणगाव हे नाव घरोघर पोहोचले, हेही तितकेच खरे.

आपल्यातील काही उपासक विचारतात की, अशी भाषा सम्यक वाचेत बसते काय? प्रश्न योग्य आहे, त्याला टाळू नये. सम्यक वाचेची चार अंगे आपण जाणता: खोटे न बोलणे, चहाडी न करणे, कठोर न बोलणे, व्यर्थ बडबड न करणे. यातील तिसऱ्या अंगावर बोट ठेवून हा प्रश्न येतो. याचे उत्तर मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात शोधावे. तथागत सर्वांना गोड वाटेल तेवढेच बोलतात काय, असा पेच घेऊन अभय राजकुमार भगवंतांकडे आला होता. त्याच्या मांडीवर लहान मूल होते. भगवंतांनी त्याला विचारले की, या मुलाने खडा किंवा काडी तोंडात घातली तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, रक्त आले तरी मी ती बाहेर काढीन, कारण मला मुलाची करुणा आहे. त्यावरून भगवंतांनी नियम सांगितला: जे खरे आहे आणि हिताचे आहे, ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी तथागत योग्य वेळ पाहून बोलतात. जे खोटे किंवा अहिताचे आहे, ते कितीही प्रिय असले तरी बोलत नाहीत.

म्हणून कोणत्याही लेखाला लावायची कसोटी तो मऊ आहे की कठोर ही नसून, तो खरा आहे काय, हिताचा आहे काय आणि वेळेवर आहे काय ही आहे. या कसोटीवर ढाले यांच्या लेखातील प्रत्येक शब्दाचा निवाडा आपला आपण करावा. परंतु ज्या समाजाला ५० रुपयांचा दंड खटकला नाही आणि लेखाची भाषा तेवढी खटकली, त्या समाजाचाही निवाडा त्याच कसोटीवर करावा.

आता मुख्य मुद्दा. हा लेख पँथरच्या पत्रात आला नाही. तो एका सहृदय, पण दुसऱ्याच्या साप्ताहिकात आला. साधनेने धैर्य दाखविले, त्याबद्दल कृतज्ञता असावी. परंतु उसन्या पानावर आपण पाहुणे असतो. यजमानाची अडचण झाली की पाहुण्याला उठावे लागते.

४. दुसऱ्या पँथरांचे पत्र

आपल्या तरुणांनी पँथर हे नाव अमेरिकेतील काळ्या बांधवांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले, हे सर्वश्रुत आहे. तो पक्ष ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन व बॉबी सील या दोन तरुणांनी स्थापन केला. त्यांच्या वृत्तपत्राचा जन्म कसा झाला, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

१ एप्रिल १९६७ रोजी ओकलंडजवळच्या रिचमंड येथे डेन्झिल डॉवेल हा काळा तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. अधिकाऱ्यांचे म्हणणे एक आणि कुटुंबाचे म्हणणे दुसरे होते. पँथरांनी कुटुंबाची बाजू ऐकली, आणि २५ एप्रिल १९६७ रोजी चार पानांचा, सायक्लोस्टाइल केलेला अंक काढला. डॉवेल का मारला गेला, हाच त्याचा मथळा होता. एका गावच्या एका अन्यायातून त्यांचेही पत्र निघाले, ही गोष्ट ब्राह्मणगावशेजारी ठेवून पाहा.

फरक पुढे पडला. ते चार पानांचे पत्र साप्ताहिक झाले. १९७० च्या सुमारास त्याचा खप आठवड्याला १ लाख प्रतींच्या वर गेला. किंमत २५ सेंट असे आणि विकणाऱ्या कार्यकर्त्याला त्यात वाटा मिळे, म्हणजे पत्राने पक्षही पोसला आणि कार्यकर्ताही. पक्षाचा दहा कलमी कार्यक्रम त्यात वारंवार छापला जाई, त्यामुळे नव्या सभासदाला आपण कशासाठी लढतो हे पाठ होई. एमोरी डग्लस यांची चित्रे असत, म्हणून ज्याला वाचता येत नसे त्यालाही अंक समजे. नेते तुरुंगात गेले, पक्षात फूट पडली, तरी पत्र १९८० पर्यंत निघत राहिले.

आमच्या पँथरांनी नाव घेतले, आवेश घेतला. पण दीर्घकाळ नियमित चालेल असे संघटनेच्या मालकीचे वृत्तपत्र काही उभे राहिले नाही.

५. आपल्या घरचा आदर्श

त्यासाठी अमेरिकेकडेही पाहण्याची गरज नव्हती. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपये दिले. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. बाबासाहेब विलायतेस गेले आणि १९२३ पर्यंत ते पत्र बंद पडले. २० मार्च १९२७ ला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ निघाला. तळ्याचे पाणी कोणी बाटविले व लाठ्या कोणी चालविल्या, याची हकीकत बाबासाहेबांनी शत्रूच्या पत्रावर सोपविली नाही. अंकाचे २४ रकाने बहुतांशी एकट्याने भरण्याचे कष्ट त्यांनी घेतले. ते पत्र १५ नोव्हेंबर १९२९ रोजी थांबले. मध्यंतरी, २९ जून १९२८ ला, ‘समता’ निघाले होते. २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ निघाला, आणि तो पंचवीस वर्षांहून अधिक चालला. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. धर्मांतराला तेव्हा अवघे आठ महिने उरले होते. बहिष्कृतपासून प्रबुद्धापर्यंतचा समाजाचा प्रवास पत्रांच्या या नावांतच वाचता येतो.

यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, पत्र बंद पडणे ही लाजेची गोष्ट नाही, बंद पडल्यावर पुन्हा न काढणे ही लाजेची गोष्ट आहे. दुसरी, बाबासाहेबांनी पत्राकडे धंदा म्हणून पाहिले नाही. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्या. रानडे यांच्यावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी भारतीय वृत्तपत्रे व्यवसायनिष्ठा सोडून व्यापार झाली आहेत आणि विभूतिपूजेत रमली आहेत, अशी परखड टीका केली. त्यांना हवे होते ते लोकांना शहाणे करणारे पत्र.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ‘प्रबुद्ध भारत’ १९६१ च्या सुमारास बंद पडला. ब्राह्मणगावची घटना घडली तेव्हा, ११ वर्षांनंतरही, ती जागा रिकामीच होती. (प्रबुद्ध भारत पुन्हा सुरू झाला तो २०१७ साली.)

६. पत्र नसल्याची किंमत

पँथरजवळ छापील शब्द मुळीच नव्हता असे नाही. पत्रके निघत. राजा ढाले यांचे नाव ‘येरू’, ‘चक्रवर्ती’, ‘विद्रोह’ या अनियतकालिकांशी जोडलेले आहे. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ साठीच्या दशकाच्या अखेरीपासून निघत होते, आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतील पुष्कळ नवशिके तरुण त्यात प्रथम लिहिते झाले. परंतु अनियतकालिक हे लेखकाचे असते आणि अस्मितादर्श हे साहित्याचे त्रैमासिक होते. गावच्या बातमीला, तक्रारीला, संघटनेच्या आदेशाला व मतभेदाला जागा देणारे पत्र हे निराळेच काम आहे.

त्याची किंमत लवकरच द्यावी लागली. १९७३ मध्ये जाहीरनामा निघाला. तो मार्क्सवादी की आंबेडकरवादी, यावर वाद पेटला. ५ जानेवारी १९७४ ला वरळीची दंगल झाली, १० जानेवारीला भागवत जाधव शहीद झाले. अशा वेळी हजारो कार्यकर्त्यांना एकच प्रश्न पडला होता की, आपली भूमिका काय? परभणी, नांदेड, बीडच्या तरुणापर्यंत त्याचे उत्तर दोन्ही बाजू शेजारी शेजारी मांडून पोहोचविणारे साधन नव्हते. जे कानावर येई ते ऐकीव, आणि ऐकीवातून गट पडतात. त्याच वर्षी फूट पडली. ७ मार्च १९७७ रोजी बरखास्तीची घोषणा झाली, तीही पत्रकारांना बोलावून. संघटना संपल्याचे तिच्या सभासदाला दुसऱ्याच्या वर्तमानपत्रातून कळावे, याहून उणीव ती कोणती? त्यानंतर अरुण कांबळे, रामदास आठवले, गंगाधर गाडे यांच्या पुढाकाराने भारतीय दलित पँथर उभी राहिली, आणि चळवळीचा रेटा मराठवाड्याकडे आला.

लगेच १९७८ आले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि परभणीसह मराठवाड्याच्या जिल्ह्यांत वस्त्या जळू लागल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. त्या वेळी या भागातील प्रमुख दैनिक ‘मराठवाडा’ हे नामांतराच्या विरोधात होते. निजामाच्या राजवटीविरुद्ध लढलेल्या परंपरेचे ते पत्र, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते. ज्यांची घरे जळत होती त्यांच्याजवळ तितक्या वजनाचा एकही रकाना नव्हता. किती घरे जळाली, कोण कुठे परागंदा झाले, याची नोंद बाहेरून आलेल्या समित्यांनी केली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, साडेपंधरा वर्षांनी. या साऱ्या काळाचा गाववार, तारीखवार इतिहास आज लिहायला घेतला तर सलग साधन हाती लागत नाही.

पत्र का निघाले नाही, याचा विचार करताना त्या तरुणांना दोष देण्याची घाई करू नये. त्यांच्यावर खटले होते, खिशात पैसा नव्हता, छापखाना नव्हता. जून १९७५ पासून आणीबाणीत वृत्तपत्रांवर निर्बंध आले. मराठवाड्यापुरते बोलायचे तर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, शिक्षण तुटपुंजे होते, त्यामुळे मुंबई-कोकणाप्रमाणे वर्गणीदारांचे जाळे येथे विणले गेले नाही. तरीही मूकनायकाच्या काळी यांतले काय अधिक अनुकूल होते? फरक एवढाच की, सभेची टाळी लगेच मिळते आणि पत्राचे फळ उशिरा मिळते.

७. आता हातात फोन आहे, मग पत्र कशाला?

आजचा तरुण म्हणेल की, हे सारे जुने झाले, आता ब्राह्मणगावची घटना घटकाभरात जगभर दिसेल. बरोबर आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी शहरात रेल्वे स्थानकाजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा बातमी क्षणात पोहोचली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, दगडफेक झाली, धरपकड झाली. १५ डिसेंबरला अटकेतील, कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पुढे जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला.

या घटनाक्रमातून काय दिसते? चित्रफितीने लोक रस्त्यावर आले. पण न्यायालयात जे टिकले ते कागद होते. शवविच्छेदनाचा अहवाल, अर्ज, तारखा, साक्षी हेच तेथे कामी आले. फोनवरची बातमी आज पेटते आणि उद्या खाली सरकते. तीत खरे आणि खोटे एकाच वेगाने धावते. पत्राचे काम नेमके उलट आहे. थांबणे, विचारणे, पडताळणे, नावानिशी छापणे आणि अंक जपून ठेवणे हे ते काम आहे. सम्यक वाचेची चार अंगे संपादकाच्या टेबलावर येतात ती अशी.

८. आपण काय करावे

मोठे दैनिक काढा असे येथे कोणी सांगत नाही. प्रत्येक बुद्धविहारात एक नोंदवही ठेवा.

१) घटना घडली की त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण लिहा. पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे लिहा.
२) पीडितेचे नाव तिच्या संमतीवाचून बाहेर जाऊ देऊ नका. ब्राह्मणगावच्या भगिनींचे दुःख सांगायला त्यांच्या नावाची गरज आजही पडत नाही.
३) पोलिसांकडून एफ.आय.आर.ची प्रत घ्या. ती फिर्यादीला विनामूल्य मिळते, तो तिचा हक्क आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लागले की नाही ते पाहा.
४) १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असते. तिच्या बैठकीत काय झाले ते विचारा आणि नोंदवा.
५) महिन्यातून एकदा या नोंदींचे दोन पानी पत्रक काढा, आणि पौर्णिमेच्या वंदनेनंतर ते मोठ्याने वाचून दाखवा. ज्या माउलीला अक्षर येत नाही तिचाही त्यावर हक्क आहे.
६) मतभेद असेल तर तोही सभ्य शब्दांत त्याच पत्रकात छापा. घरातला वाद घरच्या पानावर झाला तर घर मोडत नाही.

डॉवेलच्या मृत्यूवरचा अंक चारच पानांचा होता. आपल्या दोन पानांना कमी लेखू नका.

मननासाठी प्रश्न

१) १९५५ चा कायदा आणि १९८९ चा कायदा यांत ब्राह्मणगावसारख्या गुन्ह्याच्या दृष्टीने काय फरक पडला?
२) अप्रिय पण हितकर वचन आणि केवळ कठोर वचन यांतला भेद अभयराजकुमार सुत्ताच्या आधारे सांगा.
३) महाडनंतर दोन आठवड्यांत ‘बहिष्कृत भारत’ निघाला नसता, तर महाडची हकीकत आपल्यापर्यंत कोणाच्या शब्दांत आली असती?
४) आपल्या गावात गेल्या दहा वर्षांत घडलेल्या एखाद्या अन्यायाची लेखी नोंद कोणाजवळ आहे? नसेल, तर ती सांगू शकणारी वडीलधारी माणसे हयात असतानाच लिहून घ्या.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर या पाक्षिकाकडे पाठवू नका. ते आपल्या विहाराच्या वहीत लिहा.

भवतु सब्ब मंगलं.